कोरडा गळा, ओली गाणी

गाणाऱ्याचा गळा भरून आला की गाणे थोर झाले, अशी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. भावगीत ऐकताना स्वर कुठे कापतो, कुठे तो हुंदक्याच्या काठाशी जाऊन माघारी फिरतो, ह्याकडेच आपले कान लागलेले असतात. आणि तो क्षण आला की मान डोलावून आपण शेजाऱ्याकडे पाहतो. ही समजूत सर्वस्वी खोटी आहे असे नव्हे. परंतु हेच माप घेऊन इंग्लंडमधील पेट शॉप बॉईज ह्या जोडीला मोजावयास बसलो, तर तिला पहिल्याच पेपरात नापास करावे लागेल. १९८४ सालापासून निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत गायकाचा गळा भरून आलेला मला कोठेही ऐकू आला नाही. शाळेत पहिल्या तासाला हजेरी घ्यावी, तसा हा गृहस्थ गातो. नाव उच्चारले, उत्तर आले, की पुढचे नाव. आणि ह्या हजेरीत काही नावांना उत्तरच येत नाही, हे आपल्या ध्यानात हळूहळू येते.

त्या न आलेल्या उत्तरांविषयी मला लिहावयाचे आहे. पण दिवाळी अंक घरात सर्वांच्या हातांतून फिरतो. त्यात आजीही आल्या आणि कॉलेजात जाणारी नातही आली. तेव्हा ज्यांनी ही नावे आजच प्रथम ऐकली, त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख करून देणे बरे.

जोडीतला गाणारा नील टेनंट. ह्याचा जन्म १९५४ सालचा, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील नॉर्थ शील्ड्स गावचा. शिक्षण न्यूकॅसलच्या कॅथलिक शाळेत. दुसरा क्रिस लो, १९५९ साली ब्लॅकपूल येथे जन्मलेला. ब्लॅकपूल म्हणजे कामगारांनी सुटीत जाऊन चैन करावी असे समुद्रकाठचे गाव. लो ह्याचे आजोबा एका विनोदी वाद्यवृंदात ट्रोम्बोन वाजवीत असत. नातवानेही शाळेत तेच वाद्य हाती धरले आणि पुढे लिव्हरपूलला वास्तुशास्त्राचा अभ्यास केला. १९८१ सालच्या ऑगस्ट महिन्यात लंडनच्या किंग्ज रोडवरील एका विजेच्या वाद्यसामानाच्या दुकानात ह्या दोघांची गाठ पडली. टेनंट आपल्या सिंथेसायझरसाठी तार घ्यावयास आला होता. बोलता बोलता दोघांनाही नाचाच्या गाण्यांचे वेड आहे असे निघाले, आणि मैत्री झाली. नाव घेतले तेही असेच सहज. लंडनच्या ईलिंग भागात पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानात काम करणारे त्यांचे काही ओळखीचे होते, त्यांच्यावरून ‘पेट शॉप बॉईज’!

टेनंटच्या पहिल्या नोकऱ्यांतली एक गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते. अमेरिकेतील मार्व्हल ह्या चित्रकथांच्या कंपनीच्या लंडन शाखेत तो संपादक होता. अमेरिकी बोली इंग्रजी वळणावर आणणे, आणि चित्रांतील ज्या बाया फारच तोकड्या कपड्यांत असतील त्यांना ब्रिटिश वाचकांसाठी जरा नीट झाकून घेण्याची खूण करणे, हे त्याचे काम. पुढे तो ‘स्मॅश हिट्स’ ह्या तरुणांच्या संगीतविषयक पत्रात सहायक संपादक झाला. म्हणजे लोकप्रिय गाण्याच्या बाजारात शिरण्यापूर्वी ह्या माणसाने दोन विद्या साध्य केल्या होत्या: कुठे किती झाकावे, आणि प्रसिद्धीचा पोकळ डोलारा कसा उभा राहतो. दोन्ही पुढे त्याच्या कामी आल्या.

आता यंत्राविषयी. सिंथेसायझर म्हणजे विजेच्या कंपनांपासून स्वर निर्माण करणारी पेटी. सॅम्पलर म्हणजे कुठलाही आवाज टिपून घेऊन, पट्टी दाबली की तो हव्या त्या स्वरात परत देणारी पेटी. मग तो आवाज तुतारीचा असो, की दार आपटल्याचा. १९८० नंतर इंग्लंडात अशा वाद्यांवर उभे राहिलेल्या जोड्यांची मालिकाच निघाली: सॉफ्ट सेल, याझू, युरिद्मिक्स, इरेजर. एक गाणार, दुसरा यंत्रे सांभाळणार. ह्या सगळ्यांवर जाणत्यांचा आक्षेप एकच, की हे यंत्राचे गाणे आहे, ह्यात जीव नाही. आपण मराठी माणसांनी तरी हा आक्षेप जपून घ्यावा. ज्या बाजाच्या पेटीला परकी, मींड न निघणारी, म्हणून आकाशवाणीने १९४० साली दार बंद केले आणि १९७१पर्यंत ते उघडले नाही, त्याच पेटीवर आणि ऑर्गनवर आमचे अवघे नाट्यसंगीत उभे आहे. आज घरोघर विजेच्या श्रुतिपेटीवर षड्ज लावून मुले रियाझ करतात. त्या ख्यालाला कुणी यांत्रिक म्हणत नाही. तेव्हा पेटीला दोष देण्यात हशील नाही. त्या पेटीपुढे उभा राहून माणूस काय करतो, एवढेच पाहावयाचे.

ही दोघे काय करतात? रंगमंचावर क्रिस लो टोपी आणि काळा चष्मा घालून पट्ट्यांच्या मागे निश्चल उभा असतो. हसत नाही, डोलत नाही. पुढे टेनंट उभा, तोही बहुधा स्थिर. इंग्रजी पॉप संगीतात घाम, उड्या, विस्कटलेले केस हा खरेपणाचा दाखला समजला जाण्याचे ते दिवस. ह्या दोघांनी तो दाखला देण्याचेच नाकारले. लोकांना हे उर्मट वाटले. मला ह्यात आपल्या जुन्या साथीदारांची शिस्त दिसते, जे मैफलीत तीन तास बसूनही चेहऱ्यावरची रेघ हलू देत नसत.

त्यांच्या यशाची कथा थोडक्यात सांगून पुढे जातो. १९८३ साली टेनंटला त्याच्या पत्राने कामासाठी न्यूयॉर्कला धाडले. तेथे त्याने आपल्या आवडीच्या बॉबी ऑर्लंडो ह्या निर्मात्याची गाठ घेतली, आणि त्याच्याच हाताखाली ‘वेस्ट एंड गर्ल्स’ मुद्रित होऊन १९८४ साली निघाले. अमेरिकेतल्या काही नाचघरांत ते वाजले, मायदेशी कुणी फारसे विचारले नाही. मग पार्लोफोन कंपनीशी करार झाला आणि स्टीव्हन हेग ह्या निर्मात्याने तेच गाणे संथ, गडद करून नव्याने बांधले. १९८५च्या ऑक्टोबरात निघालेली ती तबकडी १९८६च्या जानेवारीत इंग्लंडात आणि मे महिन्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली.

हे गाणे मुद्दाम ऐकावे. आरंभी रस्त्यावरचे आवाज. मग खालून एक संथ, दबकत चालणारा खर्ज. आणि टेनंट गात नाही, बोलतो. पाश्चात्त्य लंडन म्हणजे नाटकगृहे आणि श्रीमंती दुकाने. पौर्वात्य लंडन म्हणजे गोदीकामगारांची वस्ती. त्या पूर्वेची मुले पश्चिमेच्या दिव्यांखाली येतात, मुलींना पाहतात, कुठेतरी एखादा माणूस वेडाच्या काठावर उभा आहे, आणि मध्येच लेनिनच्या रेल्वेप्रवासाची सूचक आठवण. एकच निवेदक नाही. जणू रस्त्यातून जाता जाता निरनिराळ्या माणसांची तुटक बोलणी कानी पडावीत. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीयांच्या तालावर बोलण्याच्या ढंगाबरोबरच टी. एस. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’मधील अनेक आवाजांचाही आपल्यावर परिणाम होता, असे टेनंटने सांगितले आहे. मास्तर म्हणून मला ह्याचे विशेष कौतुक. पाठ्यपुस्तकातली कविता नाचघरात पोचावी, आणि नाचणाऱ्याला तिचा पत्ताही लागू नये! गाण्यात जी तुतारी मध्येच एकटी वाजून जाते तीही खरी नव्हे, सॅम्पलरच्या पट्टीवर वाजवलेली आहे. परंतु रात्री उशिरा रिकाम्या रस्त्यावर कुणीतरी दूर वाजवीत असावे, असेच वाटते.

माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. ही गाणी मी शब्दकोश उघडा ठेवून ऐकली. पण एक सांगतो, टेनंटचा प्रत्येक शब्द निवडलेल्या तांदळासारखा स्वच्छ आहे. कळवळून गाणाऱ्याचे शब्द पुष्कळदा अश्रूंत वाहून जातात. ह्याचे वाळत घातलेल्या कपड्यांसारखे एकेक वेगळे दिसतात. कोरड्या गळ्याचा हा पहिला फायदा.

दुसरा फायदा उपरोधाचा. १९८७ सालचा ‘अ‍ॅक्चुअली’ हा संग्रह मार्गारेट थॅचरबाईंच्या इंग्लंडचे चित्र आहे. सरकारी मालकीचे उद्योग समभागांच्या रूपाने विक्रीस निघाले होते. त्यावर ‘शॉपिंग’ हे गाणे. वर वर पाहता ते बाजारहाटाचे हलकेफुलके गीत वाटते. पुष्कळांनी ते तसेच घेतले! त्याआधी ‘ऑपॉर्च्युनिटीज’ ह्या गाण्यात दोघे मिळून गडगंज पैसा मिळवण्याची योजना आखली आहे, तीही लोकांनी खरी मानली. गंभीर चेहऱ्याने केलेली थट्टा ही नेहमीच धोक्याची, हे आपल्याकडील विनोदी लेखकांनाही ठाऊक आहे. ‘रेंट’ हे गाणे मात्र थट्टेच्या पलीकडचे. दुसऱ्याच्या पैशावर राहणाऱ्या, दुसऱ्याने भरलेल्या भाड्याच्या घरात दिवस काढणाऱ्या माणसाचे हे प्रेमगीत. ह्यात प्रेम किती आणि व्यवहार किती? टेनंट निवाडा देत नाही. हिशेब वाचून दाखवावा तसे सगळे सांगतो, आणि ऐकणाऱ्याच्या पोटात कालवते. हीच कथा कुणी गहिवरून सांगितली असती, तर आपण त्या व्यक्तीची कीव केली असती आणि सुटलो असतो. कीव करण्याची सोय हा गायक ठेवीत नाही.

ह्याच संग्रहातील ‘इट्स अ सिन’ सर्वांत गाजलेले. कॅथलिक शाळेतल्या संस्कारांत वाढलेला माणूस म्हणतो की मी जे जे केले, जे जे इच्छिले, ते सारे पापच ठरले. टेनंटच्या म्हणण्याप्रमाणे हे त्याने थोड्या वेळात, काहीशा गमतीनेच लिहिले. वाद्यांचा गडगडाट, मेघगर्जना, समूहगान, शेवटी लॅटिनमधून पापकबुलीची प्रार्थना, असा सगळा थाट आहे. डेरेक जार्मन ह्या दिग्दर्शकाने त्यावर केलेला चित्रपटही धर्मन्यायालयाच्या देखाव्याचा. तीन आठवडे ते इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर होते. मला स्वतःला हे गाणे त्यांच्या उत्तम गाण्यांत बसवावेसे वाटत नाही; त्यात देखावा अंमळ जास्त झाला आहे. पण एवढ्या वादळाच्या मधोमध तो एक आवाज मुलाने फळ्यापुढे उभे राहून पाढे म्हणावे तसा सरळ उभा असतो, हे विसरता येत नाही.

इथे डस्टी स्प्रिंगफील्डबाईंचा उल्लेख केला नाही तर अन्याय होईल. १९६०नंतरच्या दशकात ह्या गायिकेने इंग्लंड गाजवले होते. १९८७पर्यंत त्या विस्मृतीत गेल्या होत्या. ह्या दोघांनी त्यांनाच बोलवायचा आग्रह धरला, आणि ‘व्हॉट हॅव आय डन टू डिझर्व्ह धिस’ हे द्वंद्वगीत झाले. इंग्लंड-अमेरिकेत दोन्हीकडे ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. तो कोरडा, त्या ओल्या. तो हकीकत सांगतो आहे, आणि मध्येच त्यांचा किंचित खरखरीत, सोसलेला आवाज असा उसळून येतो की अंगावर काटा येतो. टेनंटला आपल्या गळ्याची मर्यादा पुरती ठाऊक होती. जे आपल्याला यावयाचे नाही, ते दुसऱ्याच्या तोंडी द्यावे हा नाटककाराचा शहाणपणा त्याच्यापाशी होता.

आता ज्यासाठी हे सारे लिहावयास घेतले तिकडे येतो.

हे दोघे किंग्ज रोडवर भेटले त्याच उन्हाळ्यात, १९८१च्या जूनमध्ये, अमेरिकेच्या आरोग्यखात्याने एका नव्या, नाव नसलेल्या रोगाची पहिली नोंद छापली होती. पुढे त्याला एड्स म्हणू लागले. लंडन-न्यूयॉर्कमधील तरुण समलिंगी पुरुषांत तो वणव्यासारखा पसरला. नाचघरे ही त्या तरुणांची हक्काची जागा. बाहेर ज्या प्रेमाचे नाव घेता येत नव्हते, ते तेथे दिव्यांच्या झगमगाटात घेता येत असे. ह्या जोडीचे संगीत त्याच नाचघरांतून आलेले. म्हणजे ज्यांच्यासाठी हे गाणे होते, तेच एकेक करून हजेरीपटावरून जाऊ लागले.

टेनंटचा न्यूकॅसलपासूनचा एक जिवलग मित्र ह्यात गेला. त्या एका मित्रावर तीन गाणी आहेत, आणि ती क्रमाने ऐकावीत. पहिले १९८७ सालचे ‘इट कुडन्ट हॅपन हिअर’. त्याच्या सुरावटीत इटलीचे थोर चित्रपट-संगीतकार एन्निओ मोरिकोने ह्यांचा वाटा आहे. मित्राला रोग असल्याचे कळले आहे. आणि ‘हे आपल्याकडे होणे नाही’ असे सगळे एकमेकांना सांगत असत, त्याची आठवण निघते. दुसरे १९८९ सालचे ‘युअर फनी अंकल’. हे तर तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलेले, दोन-अडीच मिनिटांचे, नाचाचा ठेका नसलेले. अंत्यविधीला जमलेली माणसे, गडद पोशाख, मित्राचा तो जरा विक्षिप्त काका, आणि शेवटी बायबलाच्या अखेरच्या ग्रंथातल्या आश्वासनाचा आधार. घरच्या माणसांनी आणि मित्रांनी अशा वेळी एकाच खोलीत उभे राहणे, आणि एकमेकांशी काय बोलावे हे कुणालाच न कळणे. हा प्रसंग आपल्यापैकी कुणी पाहिला नसेल? कादंबरी लिहिणाऱ्याला जे करावयास वीस पाने लागतात, ते ह्या माणसाने काकांच्या एका उल्लेखात केले आहे.

तिसरे ‘बीइंग बोअरिंग’. १९९० सालच्या ‘बिहेव्हियर’ संग्रहातील हे पहिले गाणे. हा संग्रह त्यांनी म्युनिक येथे हॅरल्ड फाल्टरमायर ह्या निर्मात्याबरोबर केला, आणि मुद्दाम जुन्या धर्तीचे सिंथेसायझर वापरले. म्हणून त्याचा नाद इतर संग्रहांपेक्षा उबदार आहे. गाण्याची कल्पना झेल्डा फिट्झजेराल्ड ह्या अमेरिकी लेखिकेच्या १९२२ सालच्या एका लेखातून आली. त्या काळच्या धीट मुलींविषयी त्यांनी लिहिले होते, की त्यांना कधी कंटाळा आला नाही, कारण त्या स्वतःच कंटाळवाण्या नव्हत्या. टेनंटने हे सूत्र घेऊन तीन कडवी केली. पहिल्यात जुन्या निमंत्रणपत्रिकांचा आणि छायाचित्रांचा ठेवा सापडतो. दुसऱ्यात १९७०नंतरच्या दशकात घर सोडून शहराकडे निघालेला तरुण आहे, मनात भीती आणि पिशवीत सामान. तिसऱ्यात १९९० उजाडले आहे. जी माणसे तेव्हा बरोबर होती, त्यांतली काही आता आहेत आणि काही नाहीत; आणि जो व्हावेसे वाटत होते तो मी झालो, पण हे पाहावयास तू इथे असशील असेच मी धरून चाललो होतो, असा त्याचा आशय.

बस्स. कोणता रोग, कोणाचे कोणावर प्रेम, काहीही सांगितलेले नाही. सुरुवातीला बराच वेळ नुसती वाद्ये वाजत राहतात. आवाज आला तरी त्याला घाई नसते. ठेका नाचाचाच आहे, पाय हलल्यावाचून राहत नाही. आणि ज्या ओळीवर कुठलाही गायक थांबला असता, स्वर लांबवला असता, तेथे हा गृहस्थ नेहमीच्याच मापाने पुढच्या ओळीवर जातो. तो थांबत नाही म्हणून आपणच थांबतो. मी अनेकदा हे गाणे ऐकले. दरवेळी ह्याच जागी माझे हातातले काम राहते. तो रडला असता, तर आपण त्याच्या रडण्याकडे पाहत राहिलो असतो. न रडल्याने तो आपल्याला थेट त्या गेलेल्या मित्राकडे पाहावयास लावतो. आश्चर्य असे, की हे गाणे निघाले तेव्हा इंग्लंडच्या यादीत विसाव्या क्रमांकाच्या वर गेले नाही. पुढे मात्र जोडीच्या उत्तम गाण्यांत त्याचे नाव अगत्याने घेतले जाऊ लागले.

ह्या न सांगण्यावर टीका झाली आहे, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. १९८४ सालीच ब्रॉन्स्की बीट ह्या त्रयीने ‘स्मॉलटाउन बॉय’ हे गाणे काढून, घरातून बाहेर पडाव्या लागलेल्या समलिंगी मुलाची कथा उघडपणे मांडली होती. जिमी सॉमरव्हिलचा तो उंच, आर्त स्वर काळीज चिरीत जातो. हे लोक उघड बोलू शकत होते, मग टेनंटने १९९४पर्यंत का थांबावे? त्या वर्षी एका मासिकातील मुलाखतीत त्याने आपण समलिंगी असल्याचे प्रथम जाहीरपणे सांगितले. तोवर ऐकणाऱ्यांतल्या जाणत्यांना ते कळत होते, इतरांना नव्हते. काळही वाईट होता. १९८८च्या मे महिन्यात इंग्लंडात एक कलम अंमलात आले. समलिंगी संबंधांचा पुरस्कार होईल असे काही स्थानिक संस्थांनी करू नये, शाळांतून तसे शिकवले जाऊ नये, असा त्याचा आशय. इंग्लंडात ते २००३ साली रद्द झाले. मी शिक्षक आहे. वर्गात बसलेल्या एखाद्या मुलाला ‘तू एकटा नाहीस’ एवढेही मास्तराने सांगू नये असे कायदा म्हणू लागला, तर त्या वर्गात काय शांतता पसरत असेल, ह्याची मला कल्पना करवते. मात्र ह्या कलमाच्या निषेधार्थ जूनमध्ये लंडनच्या पिकॅडिली थिएटरात जो कार्यक्रम झाला, त्यात ह्या दोघांनी भाग घेतला होता, हेही टीकाकारांनी ध्यानात ठेवावे.

माझे मत असे. माणूस म्हणून त्याने आधी बोलावयास हवे होते की नाही, हे ठरवणे आपले काम नव्हे. ज्याला सोसावे लागते त्याने ते ठरवावे. पण गाण्यापुरते बोलावयाचे तर ह्या झाकण्यातून एक लाभ झाला. ‘बीइंग बोअरिंग’मध्ये रोगाचे नाव असते, तर ते एका काळाचे, एका समाजाचे शोकगीत झाले असते, आणि तेही थोर ठरले असते. नाव नसल्याने ज्या कुणाच्या जुन्या वर्गाच्या छायाचित्रात दोन-तीन चेहरे आता उरलेले नाहीत, त्या प्रत्येकाचे ते झाले. सॉमरव्हिलचे गाणे ऐकून आपल्याला त्या मुलाविषयी वाटते. टेनंटचे ऐकून आपल्या माणसांची आठवण येते. दोन्ही गाणी हवीत. एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजणे, हेच मुळी चुकीचे.

१९९३चा ‘व्हेरी’ हा संग्रह इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेला. त्यांच्या संग्रहांपैकी ते स्थान मिळवणारा हाच एक. टोकदार टोप्या, नारिंगी रंग, संगणकावर रंगवलेले देखावे, असा सगळा मुलांच्या जत्रेतला मामला. त्यातले ‘गो वेस्ट’ मूळचे व्हिलेज पीपल ह्या अमेरिकी चमूचे, १९७९ सालचे. पश्चिमेला चला, तेथे मोकळे आकाश आहे, असे सॅन फ्रान्सिस्कोकडे डोळे लावलेल्या समलिंगी तरुणांचे ते आनंदगीत होते. दोन वर्षांतच त्या शहरात मरणाने मुक्काम ठोकला. जार्मनच्या सांगण्यावरून १९९२ साली मँचेस्टरमध्ये एड्सग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात ह्या जोडीने ते गाणे घेतले; स्वतः जार्मनही त्याच रोगाने १९९४ साली गेले. आता हेच शब्द पाहा. एकही बदललेला अर्थ वर लिहिलेला नाही, तरी जेथे चला म्हणतात ती जागा उरलेली नाही. आणि बर्लिनची भिंत पडून गेली होती, पूर्वेकडील देश पश्चिमेकडे पाहू लागले होते. म्हणून त्यांनी त्याचा चित्रपट मॉस्कोच्या लाल चौकात नेला. एका साध्या कूचगीतात तीन इतिहास येऊन बसले! मागे पुरुषांचे घनगंभीर समूहगान, पुढे टेनंटचा तोच पातळ, निर्विकार आवाज. युरोपातल्या फुटबॉलच्या मैदानांवर हजारो धट्टेकट्टे प्रेक्षक आज आपापल्या संघाच्या नावाने हीच चाल ओरडून म्हणतात. त्यांतल्या कितींना तिचे कूळ ठाऊक असेल?

ह्यानंतरच्या तीस वर्षांविषयी मला तितके लिहावेसे वाटत नाही. उद्योग पुष्कळ झाला. ‘क्लोजर टू हेवन’ हे संगीत नाटक २००१ साली आले आणि काही महिन्यांत उतरले. २००२च्या ‘रिलीज’मध्ये त्यांनी गिटार पुढे आणली, ते मला उसना कोट घातल्यासारखे वाटते. २००४च्या सप्टेंबरात ट्रफॅल्गर चौकात आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ हा मूक चित्रपट दाखवून, जर्मन वाद्यवृंदासह त्याला आपले संगीत दिले. हा उपक्रम मात्र मनापासून आवडावा असा. २०१४ साली त्यांनी अ‍ॅलन ट्यूरिंग ह्या गणितज्ञावर एक रचना आल्बर्ट हॉलमध्ये सादर केली. युद्धात शत्रूची गुप्त लिपी उलगडणाऱ्या ह्या माणसाला समलिंगी म्हणून सरकारने शिक्षा केली होती, आणि राणीची क्षमा मिळावयास २०१३चा डिसेंबर उजाडावा लागला. आता टेनंट नाव घेऊन, उघड बोलत होता. विषय मोठा, हेतू थोर. तरीही निवेदनाच्या पानांतून माहिती पुष्कळ मिळते आणि ‘युअर फनी अंकल’च्या अडीच मिनिटांतले काही मिळत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. संग्रहांपैकी २०१३चा ‘इलेक्ट्रिक’ तेजस्वी आहे. नाचाच्या मूळ ओढीकडे ते परत गेले की त्यांना सूर सापडतो. २०२४ साली ‘नॉनदलेस’ आला, तोही नेटका आहे.

त्यांच्या जुन्या गाण्यांनी मात्र नव्या पिढीत घर केले. २०२१ साली इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवर एड्सच्या त्या वर्षांची कथा सांगणारी मालिका आली, तिचे नावच मुळी ‘इट्स अ सिन’. तेव्हा जन्मलीही नव्हती अशी मुले ती पाहून रडली.

२०२२ साली त्यांनी आपल्या गाजलेल्या गाण्यांचा दौरा काढला. तोवर टेनंट सत्तरीकडे झुकला होता. कार्यक्रमात पहिल्या क्रमांकाची सगळी गाणी होत, प्रेक्षक नाचत, आणि निरोपाला ‘बीइंग बोअरिंग’ येई, विसाव्या क्रमांकावर अडकलेले ते गाणे. लो मागे पूर्वीसारखाच उभा, टोपी आणि चष्मा. पुढे टेनंट. त्या ओळीपाशी येऊनही तो थांबत नाही. प्रेक्षागृहातले लोक मात्र हातातले दिवे उंच धरून तिथे त्याच्यासाठी गातात.